पंधरा जोडण्यांचा नियम

मावशीचा फोन आला तेव्हा पंधराबाई कचेरीत डबा उघडत होती. "वकिलाचा कागद आलाय," मावशी म्हणाली. "चष्मा कुठे ठेवलाय देव जाणे. येऊन वाचून दे जरा." मावशी ऊठसूट कुणाला बोलावणाऱ्यांतली नव्हे, मरत असली तरी आधी स्वतः रिक्षा बघेल. पंधराबाईने डबा तसाच बंद केला आणि निघाली.

पंधराबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. वीज कंपनीवर नजर ठेवायला एक आयोग असतो, त्यात ती अधिकारी. घरोघरी स्मार्ट मीटर लागले, तासातासाला किती वीज जळली याचे आकडे कंपनीकडे साठायला लागले, आणि ते आकडे मागायला बाहेरच्यांची रांग लागली. कुणाला गाड्यांची चार्जिंग स्टेशनं टाकायची होती, कुणाला छपरांवर सोलार बसवायचं होतं, आणि कुणाला नक्की काय करायचं होतं ते त्यालाच ठाऊक. कुणाला काय द्यायचं आणि काय नाही, हा नियम आयोगाने तिच्याकडून लिहून घेतला. तिने लिहिलं, की एकट्या घराचा आकडा त्या घरातल्या माणसाच्या सहीशिवाय कुणीही बघायचा नाही. माहिती बाहेर द्यायचीच तर निदान पंधरा जोडण्यांची बेरीज द्यायची. पंधरा घरं एकदा मिसळली की कोण कधी उठतं नि कोण कधी जेवतं ते कुणाच्या बापाला कळणार नाही, असं ती भर बैठकीत छाती ठोकून म्हणाली होती. तेव्हापासून सगळी कचेरी तिला पंधराबाई म्हणायला लागली, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं.

मावशी राहायची ती इमारत चार मजल्यांची, सोळा घरांची. मालकाला ती पाडून मोठी बांधायची होती. वर्षभरापूर्वीच त्याने पंधरा भाडेकरू गोडीगुलाबीने नि धाकदपटशाने बाहेर काढले. जिन्यातला दिवा काढून नेला, गच्चीला कुलूप घातलं, पाण्याच्या पंपाची वायर तोडली. मावशी खालच्या नळावरून पाणी आणायला लागली, पण हलली नाही. शाळेत तिने तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं होतं. बहीण गेल्यावर तिची पोर, म्हणजे ही पंधराबाई, याच तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वाढवली होती. मालकाला ती सरळ सांगायची, "माझं इथलं शिवण अजून पुरं झालेलं नाही."

पंधराबाईने लिफाफा फोडला आणि उभ्याउभ्याच वाचला. सदर भाडेकरू सात महिन्यांपासून जागेत राहत नाही. सहा महिने जागा बंद ठेवल्यास भाडेकरूचा हक्क संपतो. सबब पंधरा दिवसांत ताबा द्यावा, नाहीतर कोर्टात भेटू. सोबत पुरावा म्हणून इमारतीच्या वीजवापराचा आलेख जोडला आहे.

"म्हणजे मी इथे राहतच नाही?" मावशीने विचारलं. ती चहा गाळत होती. "मग हा चहा कोण करतंय, माझं भूत?"

पंधराबाई हसली नाही. ती आलेखाच्या खालची बारीक ओळ वाचत होती. गटातील जोडण्या: सोळा. आयोगाच्या नियमानुसार माहिती खुली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा बिऱ्हाडं गेली होती, पण मालकाने त्यांचे मीटर काढलेच नव्हते. मीटर सोळाच्या सोळा भिंतीवर, त्यातले पंधरा वर्षभर शून्यावर. सोळांची बेरीज म्हणजे पंधरा शून्यं आणि एकटी मावशी. घर मिसळलं म्हणता म्हणता तिने ते सोलून ताटात वाढलं होतं.

मावशीने तिच्या हातात कप दिला. कपाच्या काठाच्या आत तिचं बोट होतं, ते तिने पुसून घेतलं. पंधराबाईच्या ते ध्यानात आलं नाही. रागात माणसाला समोरचं दिसत नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने परवानगीची फाइल मागवली. अर्ज आकड्यांचा धंदा करणाऱ्या एका माहिती कंपनीचा होता, कारण लिहिलं होतं 'चार्जिंग स्टेशनसाठी जागांचा अभ्यास'. वीज कंपनीने अर्ज पुढे पाठवला होता आणि खाली मंजुरीची सही होती. सही तिची स्वतःची होती. असल्या चाळीस अर्जांवर तिने एका दुपारी सह्या ठोकल्या होत्या, जोडण्यांच्या रकान्यात पंधरापेक्षा मोठा आकडा आहे ना एवढंच बघून. त्या घरांत दिवे लागतात का, माणसं आहेत का, हे बघायला रकानाच नव्हता. या लोकांच्या भाषेत ग्राहक म्हणजे जोडणी, आणि जोडणी म्हणजे मीटर. माणूस मीटरच्या पलीकडे कुठेतरी असतो असं धरून चालायचं.

तिने वीज कंपनीच्या मोठ्या साहेबाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, सोळा म्हणजे पंधरापेक्षा जास्तच ना? नियम तुमचा आहे, आम्ही पाळला."

"आणि तो अभ्यास इमारतीच्या मालकाच्या हातात कसा गेला?"

"ते आम्हाला कसं कळणार? पुढे कुणाला द्यायचं नाही असं तुमच्या नियमात कुठे म्हटलंय?"

नव्हतंच म्हटलेलं. तिने फोन ठेवला आणि टेबलावरची फाइल इतक्या जोरात मिटली, की शेजारचा कारकून पाणी घेऊन आला. ती त्याच्यावरच खेकसली, मग त्याची माफी मागितली, मग पुन्हा स्वतःवर चिडली. तशीच उठून ती अध्यक्षांच्या खोलीत गेली.

अध्यक्ष म्हातारे, सज्जन आणि भित्रे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या मावशींना रीतसर तक्रार करू द्या. येत्या सोमवारी या नियमावर जाहीर सुनावणी आहेच, त्यातच ऐकू. तो आलेख चुकीच्या रीतीने बाहेर गेला आणि त्याचा अर्थही चुकीचा काढला, असं सिद्ध झालं तर आपण तो रद्द करू. मग मालकाच्या हातात काय उरतं? पण तुम्ही नातेवाईक. तुम्ही आमच्या बाजूला बसायचं नाही."

"सिद्ध कशाने करू?"

"त्यांच्या मीटरच्या आकड्यांनी. त्यांची सही घ्या आणि काढा."

सही घ्यायची हे तिला सांगायला हवं होतं का? तो नियम तिनेच लिहिला होता. पण ती जागेवर आली, संगणक चालू केला आणि मनात म्हणाली, मावशीचंच तर आहे. परकं कुणाचं थोडंच बघतेय. आणि तिने मावशीचा मीटर उघडला.

पहिल्यांदा तिला आनंदच झाला. रोज सकाळी सहाला वीस मिनिटं आकडा वर जात होता. आंघोळीचं पाणी तापवायचा रॉड. वकिलाच्या कागदात त्याला 'पाण्याचा पंप' म्हणून उडवून लावलं होतं, आणि पंप तर मालकाने स्वतःच तोडला होता. दहा महिन्यांपूर्वी चार दिवस सहाचा आकडा शून्य होता. ते चार दिवस मावशी तिच्याकडे राहायला आली होती, पंधराबाईच्या लेकीला कांजिण्या झाल्या म्हणून. म्हणजे मावशी घरात असते तेव्हा रॉड लागतो, नसते तेव्हा लागत नाही. यापेक्षा चोख पुरावा कुठला? पंखा मावशीला सोसत नाही, फ्रीज तिने एकटीला कशाला म्हणून विकून टाकला, रेडिओ सेलवर चालतो. सगळं जुळत होतं.

मग तिची नजर संध्याकाळच्या रकान्यांवर गेली. वर्षभरापूर्वी सातला दिवे लागत होते, दहाला मालवत होते, शिस्तीत. मग स्वयंपाकघरातला एकच उरला. मग तोही कधी लागे, कधी नाही. सात महिन्यांपासून काहीच नाही. एक संध्याकाळ नाही, की एक रात्र नाही.

पंधराबाई त्या शून्यांकडे बघत बसली. न सापडणारा चष्मा आठवला. कपात बुडवलेलं बोट आठवलं. हल्ली मावशी नोटा घडी घालून वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते तेही आठवलं. सोन्यासारखी बाई सात महिने अंधारात वावरत होती, आणि रोज फोनवर "जेवलीस का" म्हणून विचारणाऱ्या भाचीला पत्ता नव्हता. वीज कंपनीला होता. माहिती कंपनीला होता. अर्थ कळला नसेल, पण आकडा सगळ्यांकडे होता.

संध्याकाळी ती गेली तेव्हा दार उघडंच होतं आणि आत अंधार होता. तिने भिंतीवरचं बटण दाबलं. मावशी पाटासारख्या बुटक्या स्टुलावर बसून गव्हातले खडे निवडत होती, नुसत्या बोटांनी.

"दिवा का लावत नाहीस?" पंधराबाईने विचारलं.

"आताच तर मालवला."

"सात महिन्यांपूर्वी मालवलास."

मावशीचे हात थांबले. ती म्हणाली, "कुणी सांगितलं?"

"तुझ्या मीटरने."

"डोळ्यांच्या डॉक्टरला मी गप्प बसवलं. खालच्या दुकानदाराला कळू दिलं नाही. तुला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी ट्रक आणून मला उचलून नेलं असतंस, प्रेमाने. मला इथे हे दार कुठे आहे, तो खिळा कुठे आहे, सगळं ठाऊक आहे. तुझ्या घरात मी पाहुणी होईन आणि मग ओझं होईन." ती एकदम थांबली आणि चेहरा पंधराबाईच्या आवाजाकडे वळवला. "मीटर तू उघडलास? माझी सही न घेता?"

"घर वाचवायचंय ना तुझं."

"तो मालकही काहीतरी वाचवायलाच बघत असेल," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "मी तुला वाढवलं, तुझी डायरी कधी उघडली नाही. तू कॉलेजात असताना ती महिनोन् महिने टेबलावर पडलेली असायची. हात शिवशिवले नसतील का माझे?"

दिवसभर पंधराबाईने वीज कंपनीला लाखोली वाहिली होती, माहिती कंपनीची खेटराने पूजा केली होती, आणि आता तेच खेटर तिच्या पुढ्यात येऊन पडलं होतं. ती खाली बसली आणि गव्हात हात घालून रडली. मावशीने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "कुठे सही करायची ते बोट धरून दाखव. सकाळचं त्यांना दाखव. संध्याकाळचं नाही. ते माझं आहे."

सोमवारी सुनावणीला हॉल भरला होता. दाराशी हजेरीचा कागद होता, त्यावर पंधराबाईने मावशीचं नाव आणि पत्ता लिहिला आणि तिचं बोट सहीच्या रेघेवर ठेवलं. बसायला पहिल्या रांगेत कोपऱ्यात जागा मिळाली. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, म्हातारी भाचीचा हात धरून बसलीय, त्यात काय.

आधी एक सोलारवाला उठला. छपरांवर पॅनेल बसवायचा त्याचा धंदा. तो म्हणाला, "तीन वर्षं मी एकच गोष्ट विचारतोय. माझ्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर अजून किती भार पेलेल, एवढंच. त्यात कुणाचं नाव नाही, कुणाची चूल नाही. वीज कंपनी म्हणते सुरक्षेचा प्रश्न आहे. तारांची माहिती कुलपात, आणि लोकांच्या घरांची खिरापत? हे कुठलं शहाणपण?" मागून चारदोन लोक हसले. अध्यक्षांनी लिहून घेतल्यासारखं केलं.

मग पंधराबाई लोकांच्या बाजूने उभी राहिली. सोळा मीटर, पंधरा शून्यं, सकाळचे सहा, ते चार दिवस, तोडलेला पंप. तिने सगळं सांगितलं, आणि नियम आपण चुकीचा लिहिला हेही. जोडण्या मोजल्या, राहती घरं मोजली नाहीत. एकाने नेलेली माहिती दुसऱ्याला विकू नये, हे लिहायचंच राहिलं. कुणाला कशासाठी दिली, याचं बाड कुठे ठेवलंच नाही.

माहिती कंपनीचा वकील उठला. पोरगेला, गोड हसणारा. "सकाळच्या वीस मिनिटांचं मान्य," तो म्हणाला. "एखादी व्यक्ती रोज सकाळी येऊन रॉड लावून जाऊ शकते. माझा साधा प्रश्न आहे. आमच्या आलेखात सात महिने संध्याकाळी एकही दिवा नाही. माणूस राहतो तिथे दिवा लागतो. या बाई तिथे राहत असतील, तर दिवा का नाही?"

अध्यक्षांनी पंधराबाईकडे बघितलं. उत्तर तिच्या जिभेवर होतं. एक वाक्य, आणि घर वाचत होतं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण ते सांगायची मला परवानगी नाही. ते मला कळलं तेही मी सहीशिवाय मीटर उघडला म्हणून. नियम मोडला. त्याची काय ती शिक्षा मला द्या."

हॉलमध्ये कुजबुज झाली. अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "मग आयोगाला हा प्रश्न अनुत्तरित राहिला असंच धरावं लागेल."

मावशी उठली. तिने समोरच्या टेबलाची कड हाताने चाचपली, आणि तेवढ्यावरूनच अर्ध्या हॉलला कळलं.

"मला दिसत नाही," ती म्हणाली. "दिव्याचा मला उपयोग नाही म्हणून मी तो लावत नाही. हे मी माझ्या भाचीला सांगितलं नव्हतं, आणि आज दोनशे लोकांना सांगतेय, कारण नाहीतर तुम्ही मला माझ्याच घरात राहत नाही असं ठरवणार. लिहून घ्या. समाधान झालं ना तुमचं? माझा दिवा तुम्ही मोजलात, माझे डोळे पण मोजलेत. आता आणखी काय बघायचंय?"

वकील खाली बसला. कुणी कुणाकडे बघेना.

त्याच दुपारी आदेश झाला. आलेख रद्द. माहिती कंपनीची परवानगी रद्द. नियम नव्याने लिहायचा. पंधराबाईला मेमो, आणि तिच्याकडून माहितीचं टेबल काढून घेतलं. ते तिने मुकाट्याने घेतलं. फक्त एक गोष्ट तिने अध्यक्षांकडे मागितली: मावशीचं ते वाक्य नोंदीतून काढा.

"काढलं तर आदेश कशावर उभा राहील?" अध्यक्ष म्हणाले. "आणि नोंदी चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायच्या, सगळं खुलं ठेवायचं, हा आग्रह तर तुमचाच होता."

होताच. पारदर्शकतेवर तिने लांबलचक टिपण लिहिलं होतं आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली होती. मंगळवारी नोंद चढली. कारकुनाने नेहमीसारखं सगळं एकत्र स्कॅन केलं: आदेश, जबाब आणि हजेरीचा कागद. ग्राहकाने आपण दृष्टिहीन असल्याचे सांगितले. ग्राहक सदर इमारतीत एकटीच राहते. नाव, मजला, खोली क्रमांक. मेमोच्या गडबडीत पंधराबाईने ते उघडून पाहिलंच नाही. घर वाचलं, या आनंदात ती होती.

गुरुवारी भर दुपारी मावशीचा फोन आला. तिचा आवाज अगदी खाली होता.

"दारात कुणीतरी आहे. पुरुष आहे. वृद्धांची काळजी घेणाऱ्या संस्थेतून आलोय म्हणतो. माझं नाव त्याला ठाऊक आहे. म्हणतो, आजी, तुम्हाला दिसत नाही ना, उठू नका, मीच दार ढकलून आत येतो."

"कडी लाव," पंधराबाई ओरडली. ती कचेरीच्या जिन्याकडे धावत सुटली होती. "मावशी, आधी कडी लाव. मी येतेय."

"लावलीय. तो अजून उभा आहे, त्याच्या बुटांचा आवाज येतोय." मावशीने आवाज आणखी खाली आणला. "त्याला माझं सगळं माहीत आहे गं. तो कोण आहे, ते तुमच्या कुठल्या कागदात लिहिलंय का?"

पंधराबाई रस्त्यावर आली आणि दिसेल त्या रिक्षाला हात करत राहिली.